धोंड्याच्या महिन्यातला विषप्रयोग

१. मुद्देमाल

हिरडखेडच्या जावयाला काळ्या चहासारखी लघवी झाल्याची बातमी मंगळवारी सकाळी पसरली, आणि त्या दिवशी गावात कोणीही बिनदुधाचा चहा प्यायलं नाही.

गुलाबराव इंगळ्यांपर्यंत बातमी आलीच नाही. त्यांच्यापर्यंत थेट मुद्देमाल आला. दारात एक अनोळखी बाई दिसल्याबरोबर त्यांचा उजवा हात सवयीनं पुढे गेला. एसटीच्या तिकीट तपासणी पथकात उभी हयात गेलेली. निवृत्तीनंतरही माणूस समोर आला की हात तिकीट मागायचा. त्यांच्या पत्नी महामायाबाईंनी ओळखीपाळखीच्यांना सांगूनच ठेवलं होतं, की हात पुढे आला तर त्यावर काहीतरी ठेवावं, शेंगदाणे चालतात. या बाईंना ते कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी हातावर बाटली ठेवली. बाटली अजून कोमट होती.

"हे माह्या पोराचं हाये," बाई म्हणाल्या. "सासरच्याईनं जहर देल्लं त्याले."

बाईंचं नाव झुंबरबाई. त्या खामगावच्या. त्यांचा मुलगा हरिओम हा गुलाबरावांचे शेजारी कडूबा यांचा जावई. आणि महिना होता धोंड्याचा. हा महिना तीन वर्षांतून एकदा येतो, आणि आला की सासरी जावई देवाच्याही एक पायरी वर बसतो. हरिओम शुक्रवारी जेवायला आला होता. त्याला रोज "अजून एक दिवस" म्हणत सासूनं ठेवून घेतलं. सोमवारी त्याचे डोळे पिवळे झाले आणि बाटलीत आहे तो प्रकार झाला. कडूबानं त्याला मोटरसायकलवर मधोमध बसवून मोताळ्याला दवाखान्यात भरती केलं.

झुंबरबाईंना पोलिसांत जायचं होतं. मागोमाग धापा टाकत आलेल्या कडूबानं हात जोडून विनंती केली, की आधी गावातल्या एखाद्या तटस्थ, खाकी घातलेल्या माणसानं चौकशी करावी. हिरडखेडात खाकी घातलेला माणूस एकच होता, आणि त्याच्या हातात बाटली होती.

झुंबरबाईंनी मुदत दिली. संध्याकाळच्या खामगाव गाडीपर्यंत कोणी काय दिलं ते कळलं पाहिजे. नाही तर त्या पोराला घेऊन जातील आणि सून संजीवनी इथेच राहील, कायमची.

कडूबाच्या मागे संजीवनी उभी होती. तिला चौथा महिना होता. ती रडत नव्हती, पण पदराचं टोक तिनं बोटाला इतकं गुंडाळलं होतं, की बोट निळं पडलं होतं.

गुलाबरावांनी मामला हातात घेतला. बाटली मात्र खाली ठेवली.

२. अजून चालूच आहे

दवाखान्यात हरिओम खाटेवर बसला होता. पिकल्या लिंबासारखा दिसत होता आणि अतिशय नम्र होता. खामगावात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकून तो इतका सोशिक झाला होता, की सलाइन लावणाऱ्या सिस्टरलाही त्यानं "आरामात, घाई नाही" म्हटलं होतं.

डॉक्टर निशिगंधा तरुण होत्या आणि त्यांना झोप कमी मिळालेली दिसत होती. त्यांनी गुलाबरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही नेहमीची कावीळ नाही. याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटताहेत, त्यांचा रंग लघवीत उतरतोय. काही माणसांच्या पेशी जन्मजात नाजूक असतात. एरवी त्यांना काही होत नाही. पण ठरावीक औषधं पोटात गेली, किंवा डांबरगोळीसारखी वस्तू, की पेशी फुटायला लागतात.

"औषध कोणतं घेतलं होतं, जवाईबापू?" गुलाबरावांनी विचारलं.

"काका, जिंदगीत गोळी नाई खाल्ली," हरिओम अभिमानानं म्हणाला. "डोकं दुखलं तरी आई पट्टी बांधते."

झुंबरबाई उशाशी बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

गुलाबरावांनी ते टिपलं. त्यांच्या धंद्यातला पहिला धडाच तो होता: पथक गाडीत चढलं की विनातिकीट माणूस खिडकीबाहेर पाहतो. पण खिडकीबाहेर काही असलं तर? त्यांनी उठून खात्री केली. बाहेर एक बकरी होती. बकरीला त्यांनी तूर्त यादीतून वगळलं.

जेवणाचं विचारलं तेव्हा हरिओमनं सासूबाईंच्या हाताची तोंड भरून तारीफ केली. रोज पुरण. दवाखान्यात भरती झाला तरी कालपासून दोन्ही वेळचा डबा घरून येतो, डब्यातही पुरण. थोडं कडवट लागतं, पण सासूबाई म्हणाल्या जायफळ जास्त पडतं. जावयानं असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

निघताना डॉक्टर दारापर्यंत आल्या. आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "काल दुपारी हा सासर सोडून इथे आला. विष तिथे होतं असं मानलं, तर आज तब्येत सुधारायला हवी होती. आज रक्त कालच्याहून कमी भरलंय. उद्यापर्यंत असंच राहिलं तर बुलढाण्याला पाठवावं लागेल, रक्त चढवायला."

"म्हणजे?"

"म्हणजे जे काही आहे ते अजून चालूच आहे."

गुलाबरावांनी मागे वळून सलाइन लावणाऱ्या सिस्टरकडे रोखून पाहिलं. सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बकरीकडे पाहिलं.

३. बुटातला पुरावा

पहिला संशयित कुलदीप, कडूबाचा मुलगा. त्याच्याकडे कारण होतं. मेहुण्यानं रविवारी त्याचा फोन फुकटात दुरुस्त करून दिला होता, आणि तेव्हापासून तो फोन फक्त बाहेरच्यांना ऐकू जात होता. कुलदीपला समोरच्याचं काही ऐकू येत नव्हतं. ज्या मुलीशी त्याचं जमत आलं होतं, तिला तो दोन दिवस नुसता "हाव, हाव" म्हणत होता. त्यात त्यानं काय काय कबूल केलं होतं, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

गुलाबरावांनी हात पुढे केला. कुलदीपनं त्यावर एक डांबरगोळी ठेवली.

इतक्या लवकर कबुलीजबाब त्यांना उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.

"कुठं टाकली?"

"बुटात."

"कोणाच्या?"

"जवाईबापूच्या. काका, त्याईच्या मोज्याचा वास घेतला काय कधी? बैल दावं तोडून राह्यला होता."

गुलाबरावांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला; कुलदीपच्या फोनवरून लावला म्हणून डॉक्टरांचं उत्तर ऐकू आलं नाही. मग स्वतःच्या फोनवरून लावला. डॉक्टरांनी विचारलं, माणसानं बूट खाल्ले का. गुलाबरावांनी अंगणात जाऊन पाहिलं. बूट शाबूत होते. मग त्यानं एवढं होणार नाही, डॉक्टर म्हणाल्या, आणि झालंच असतं तर दवाखान्यात अनवाणी पडल्यावर थांबलं असतं.

कुलदीप सुटला. तो म्हणाला, मेहुणा घरी येईपर्यंत डबा तोच पोचवतोय, निदान तेवढं तरी धरा. गुलाबरावांनी धरलं.

४. कडूबाचं गाऱ्हाणं

कडूबा वांग्याच्या वाफ्यात बसला होता. त्याला वर्षात दुसऱ्यांदा मलेरिया झाला होता. पहिल्या वेळी ताप उतरल्याबरोबर त्यानं गोळ्या बंद केल्या होत्या, आणि ताप काही महिन्यांनी पाहुण्यासारखा परत आला. मलेरियाचा हा प्रकार यकृतात लपून बसतो, असं आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनं समजावलं होतं. ताप उतरला तरी चौदा दिवस रोज जेवणानंतर गोळी घ्यायची, एकही दिवस चुकवायचा नाही. कडूबाच्या शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता, म्हणून गोळ्यांची पट्टी त्याची बायको सुभद्राबाई यांच्या ताब्यात दिली होती.

"दोनदा टोचलं बे गुलाब्या बोटाले," कडूबा म्हणाला. "एकदा ताप पाहाले. मंग म्हणे, थे लपलेल्या जंतूची गोळी तुले झेपते का नाई थे पाहू, अन् पुन्हा टोचलं."

गुलाबरावांनी मुद्द्यावर यायला सांगितलं. जावयाशी काही वैर?

कडूबानं वांग्यावरची अळी उचलून लांब फेकली आणि मन मोकळं केलं. वैर कसलं. पण धोंड्याचा महिना लागल्यापासून घरात त्याची किंमत राहिलेली नाही. जे येतं ते आधी जवाईबापूले. मग उरलं तर कडूबाले. "चहा अर्धा. पापड अर्धा. दही अर्धं. भाकर चतकोर. गोळी अर्धी. गादी होती थे गेली, मी पोत्यावर झोपून राह्यलो. अन् वरून म्हणते, आवाज नका करू, जवाईबापू उठतीन."

गुलाबरावांना मित्राची दया आली. पण दया म्हणजे पुरावा नव्हे.

सुभद्राबाई चुलीपाशी होत्या. मोठ्या, प्रेमळ, कपाळावर पीठ. प्रश्न विचारण्याआधीच त्यांनी गुलाबरावांच्या हातावर अनारसा ठेवला. विषाबद्दल विचारताच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाच्या जागी मानलं त्या माणसाला, त्यांनी सांगितलं. त्याच्या आधी घरात कोणाच्या तोंडात घास जाऊ दिला नाही. मग गुलाबरावांनी कडूबाच्या तब्येतीची सहज चौकशी केली. गोळ्या संपत आल्या, त्या म्हणाल्या. उंदरानं थोड्या नेल्या, म्हणून सिस्टरकडून आणखी मागवल्यात.

आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

गुलाबरावांनी उठून पाहिलं. बाहेर पुन्हा बकरी होती. वेगळी.

दारात संजीवनीनं त्यांना गाठलं. काका, तिनं विचारलं, सापडेल का काही? सासूबाई बोलतात तसंच करतात. ती आणखी एवढंच म्हणाली, की चार दिवस झाले, आई तिला पुरणाला हात लावू देत नाही, वाटायलाही नाही. घरात परक्यासारखं वाटायला लागलंय, इकडेही आणि तिकडेही.

गुलाबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात पहिल्यांदाच काही मागत नव्हता.

५. अर्धं तिकीट

संध्याकाळी ते हार पत्करून मोताळ्याच्या गाडीत बसले. हाती काय होतं? एक बूट, दोन बकऱ्या, एक उंदीर. गोळ्या नेणारा उंदीर. त्यांनी बराच वेळ उंदराचा विचार केला. उंदराला मलेरिया होत असेल का, आणि होत असला तर तो पूर्ण कोर्स करत असेल का.

कंडक्टर तिकिटं फाडत होता. बाईला अर्धं. पासष्टी उलटलेल्या आजोबांना अर्धं. मग कॉलर वर केलेल्या एका तरुणानंही अर्धं मागितलं.

"कोणत्या नियमात?" कंडक्टरनं विचारलं.

गुलाबराव सीटवर ताठ बसले. हा प्रश्न त्यांनी स्वतः हजारदा विचारला होता. आपोआप अर्धं असं काही नसतं. अर्ध्यामागे एक तर नियम असतो, नाही तर दुसरा अर्धा कोणीतरी खिशात घातलेला असतो. चहा अर्धा, कारण दुसरा अर्धा जावयाला. पापड अर्धा, कारण दुसरा अर्धा जावयाला. गोळी...

गोळी अर्धी कोणत्या नियमात?

त्याच क्षणी कुलदीपची मोटरसायकल गाडीला मागे टाकून गेली. हँडलला डबा लटकत होता.

गुलाबराव उठून ड्रायव्हरपाशी गेले आणि म्हणाले, ती मोटरसायकल गाठा, मध्ये कुठेही थांबू नका. ड्रायव्हरनं कारण विचारलं नाही. असं कोणीतरी सांगावं म्हणून तो नोकरीला लागल्यापासून वाट पाहत होता. तीन थांब्यांवरची माणसं हात वर करून तशीच राहिली. गाडीतल्या एका म्हातारीनं आपलं गाव खिडकीतून मागे जाताना पाहिलं आणि त्याला हात हलवला.

कुलदीप मोताळ्याच्या वेशीवर तंबाखूचा खर्रा घोटून घ्यायला थांबला होता, पण गाडी चौकात म्हशींनी अडवली. गुलाबराव उतरून पळाले. ते वॉर्डात शिरले तेव्हा डबा उघडला होता, आणि हरिओमचा पहिला घास तोंडापाशी पोचला होता.

दम लागल्यानं त्यांना बोलता येईना. त्यांनी फक्त हात पुढे केला.

हरिओम मुळातच नम्र. त्यानं घास त्या हातावर ठेवला.

गुलाबरावांनी पुरणाचा कण जिभेला लावला आणि थुंकला. जायफळ असं कडू नसतं.

६. दोन विनातिकीट

सगळे खाटेभोवती जमले. सुभद्राबाई, कडूबा आणि संजीवनी मागच्या रिक्षानं आले होते. गुलाबरावांनी कोणाकडेही न पाहता सुरुवात केली. कडूबाची अर्धी गोळी. उंदरानं नेलेल्या गोळ्या. मुलीलाही हात लावू न दिलेलं पुरण, त्याचा कडवटपणा, आणि ते डब्यातून दवाखान्यातही येत राहिलं म्हणून न थांबलेला आजार.

"वहिनी," ते म्हणाले, "उंदीर कोण हाये?"

सुभद्राबाईंना काही लपवायचं उरलंच नाही. सिस्टर म्हणाली होती, ही गोळी भारी आहे, ताप मुळासकट काढते. एवढी भारी वस्तू घरात आणि ती फक्त नवऱ्याला द्यायची? तीही धोंड्याच्या महिन्यात? जावई खामगावचा, तिथं डास काय कमी आहेत? पण जवाईबापू गोळीला शिवत नाहीत, म्हणून पुरणात वाटून घातली. पूर्ण त्याला, अर्धी यांना.

"म्या तर त्याईचं आयुष्य वाढवून राह्यली होती," त्या म्हणाल्या, आणि खाटेचा कठडा धरून मटकन खाली बसल्या.

झुंबरबाई उठल्या. पण गुलाबरावांचा हात आता त्यांच्याकडे वळला होता.

"इहीनबाई, खामगावात राहून पोरानं जिंदगीत गोळी खाल्ली नाई, हे मले पटलं नाई. गोळी टाळणारा थो नव्हता. थ्याच्यासाठी दुसरं कोणी टाळत होतं. काऊन?"

झुंबरबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं. बकरीही नव्हती. आधार घ्यायला काहीच नव्हतं.

मग त्या बोलल्या. हरिओम लहान असताना तापाच्या कुठल्याशा गोळीनं असाच पिवळा पडला होता. डॉक्टर म्हणाला, याला औषधं जपून द्या, कुठेही गेलात तर आधी सांगा. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. नुसती गोळी बंद केली. लग्नाच्या वेळीही नाही. पोरात खोट आहे म्हटलं असतं तर पोरगी कोणी दिली असती?

"मले सांगतलं असतं तरी मी आलीच असती," संजीवनी म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली.

डॉक्टर निशिगंधांनी एकीकडे हरिओमचा डबा झाकला आणि दुसरीकडे सलाइनचा वेग पाहिला. गोळीत काही वाईट नाही, त्यांनी सांगितलं. कडूबाकाकांना ती हवीच. त्यांची आधी तपासणी झाली होती, जावयाची नव्हती. ज्याची त्याला, तपासून, पूर्ण, आणि जेवणानंतर. अर्ध्या गोळीनं लपलेला जंतू मरत नाही, म्हणून काकांचं औषध पुन्हा नीट लावावं लागणार. हरिओमचं रक्त आता लगेच तपासून खरं कळेलच असं नाही, नाजूक पेशी आधीच फुटून गेल्यात; तपासणी तीन महिन्यांनी करू. तोवर त्याला न चालणारी औषधं लिहून एक कार्ड देते, ते कायम खिशात. मग एकदम थांबून त्यांनी सुभद्राबाईंकडे पाहिलं.

"ही गोळी आणखी कोणाला दिलीत? गरोदर बाईला अजिबात चालत नाही. संजीवनीला दिली?"

संजीवनीनं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"तिले कायले देईन?" सुभद्राबाई म्हणाल्या. "थे काय जवाई हाये का?"

धोंड्याच्या महिन्यात मुलीला घरात काडीची किंमत नसते, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामी आली.

बाहेर खामगाव गाडीचा हॉर्न वाजला. सगळ्यांनी झुंबरबाईंकडे पाहिलं. झुंबरबाईंनी पिशवी उचलली, जरा वेळ तशीच धरली, आणि खाटेखाली सरकवली.

"सरका व," त्या सुभद्राबाईंना म्हणाल्या, आणि शेजारी खाली बसल्या. "उद्यापासून डबा मी करीन. तुमी भाजी चिरा. चिरा फक्त."

बुलढाण्याला न्यावं लागलं नाही. लघवीचा रंग आधी साध्या चहाचा झाला, मग लिंबूसरबताचा, मग त्याबद्दल कोणी बोलेनासं झालं. कडूबाला नवी पट्टी मिळाली. तो रोज जेवण झाल्यावर ओट्यावर येऊन, चारचौघांना दिसेल अशी गोळी चिमटीत धरून उजेडात पाहायचा, अख्खी आहे याची खात्री करायचा आणि मगच गिळायचा.

शनिवारी हिरडखेडच्या थांब्यावर खामगावची मंडळी निघाली. झुंबरबाईंनी संजीवनीला खिडकीची जागा पकडून दिली. कुलदीप फोनवर कोणालातरी "हाव" म्हणत होता. गाडीच्या पायरीपाशी गुलाबराव उभे होते, आणि हरिओम समोर येताच त्यांचा हात आपोआप पुढे गेला.

हरिओमनं वरच्या खिशातून डॉक्टरांचं कार्ड काढून त्यावर ठेवलं. गुलाबरावांनी ते उलटसुलट पाहिलं, शिक्का पाहिला, सही पाहिली, आणि परत दिलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "प्रवास संपेपर्यंत जवळ ठेवजा."